चारशे बत्तीस कोटींची फोड

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे नाव आज वर्तमानपत्रांत येते ते बहुधा साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे. पाचशे वर्षांपूर्वी हेच गाव पार्थपूर या नावाने ओळखले जाई आणि गोदावरीच्या उत्तर तीरावरच्या या गावी शके १४२५ मध्ये, म्हणजे इ. स. १५०३ मध्ये, ज्ञानराज नावाच्या ज्योतिषाने ‘सिद्धांतसुंदर’ हा ग्रंथ पुरा केला. ग्रहगणिताच्या इतर सिद्धांतग्रंथांप्रमाणे या ग्रंथाच्या पायाशीही एक प्रचंड पूर्णांक आहे : ४,३२,००,००,०००. एका कल्पात इतकी सौर वर्षे, आणि एक कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस. या आकड्याकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. कोणी त्यात विश्वाच्या वयाचे प्राचीन ज्ञान शोधतो, तर कोणी पुराणातली अतिशयोक्ती म्हणून तो झटकून टाकतो. दोघेही आकड्याचा आकार पाहतात, त्याचे अवयव पाहत नाहीत. ज्योतिषाच्या कामात या संख्येचा उपयोग एका सामाईक छेदाचा होता. ती मोठी असण्यापेक्षा तिला कशाकशाने भाग जातो याला महत्त्व होते, आणि तिची नुसती फोड करून पाहिली तरी या शास्त्राच्या इतिहासातल्या बऱ्याच गोष्टी कागदावर पडताळता येतात.

अडचण मुळात अपूर्णांकांची आहे. वर्षात पुरते ३६५ दिवस नसतात, महिन्यात पुरते ३० नसतात, चंद्राची नक्षत्रप्रदक्षिणा २७ दिवसांवर काही घटकांनी संपते. ग्रहाची गती सांगायची तर ती रोज इतके अंश, इतक्या कला, इतक्या विकला अशी सांगता येईल. पण विकलेच्या पुढे जे तोडले ते हजारो दिवसांनी गुणले की चूक फुगते. भारतीय ज्योतिषांनी यावर काढलेला मार्ग असा की गती अपूर्णांकात सांगायचीच नाही. एक पुरेसा लांब काळ घ्यायचा, त्यात ग्रहाचे पूर्ण फेरे किती होतात ते ‘भगण’ म्हणून पूर्णांकात द्यायचे, त्याच काळात दिवस किती उगवतात तेही पूर्णांकात द्यायचे. बाकीचे काम त्रैराशिकाचे. सूर्यसिद्धांत एका महायुगासाठी, म्हणजे ४३,२०,००० वर्षांसाठी, १,५७,७९,१७,८२८ सावन दिवस देतो आणि चंद्राचे ५,७७,५३,३३६ भगण देतो. ज्ञानराजाने आपली माने याच परंपरेतून घेतली. आता महायुगाच्या दिवसांना महायुगाच्या वर्षांनी भागले की वर्ष ३६५.२५८७५६ दिवसांचे येते. पण हा दशांश आपण आपल्या सोयीसाठी लिहितो. मूळ रूप एका व्यवहारी अपूर्णांकाचे आहे, आणि तो संक्षिप्त करत गेले तर अंश-छेद दोहोंना चाराने भाग जातो : अंश ३९,४४,७९,४५७ आणि छेद १०,८०,०००. इथे गाडी थांबते. छेदात २, ३ आणि ५ हेच मूळ अवयव आहेत. अंशाच्या शेवटी ७ असल्याने त्याला २ किंवा ५ ने भाग जात नाही, आणि अंकांची बेरीज ५२ येत असल्याने ३ नेही जात नाही. म्हणजे वर्षाचे हे मान एकदा स्वीकारले की दहा लाख ऐंशी हजार वर्षांपेक्षा लहान अशी पूर्ण वर्षांची कोणतीच मुदत नाही, जिच्यात दिवसही पूर्ण येतील. लाखांतले हे आकडे भव्यतेच्या हौसेने आले असे म्हणणाऱ्याला हा भागाकार स्वतः करून पाहता येईल.

कल्पाच्या संख्येची पूर्ण फोड २ चा अकरावा घात, ३ चा घन आणि ५ चा सातवा घात अशी होते. तिला एकूण ३८४ विभाजक आहेत. राशी १२, अंश ३६०, कला २१,६००, तिथी ३०, घटका ६० या साऱ्या मापांनी तिला निःशेष भाग जातो, त्यामुळे वर्षांचे महिने आणि महिन्यांच्या तिथी करताना कुठेही बाकी उरत नाही. पण ७ हा अवयव तिच्यात नाही, आणि नेमका इथेच पुराणांशी खटका उडतो. पुराणांनी एका कल्पात १४ मनू सांगितले आहेत. १४ मध्ये ७ दडलेला आहे, म्हणून १,००० महायुगे १४ मनूंत सारखी वाटताच येत नाहीत. विष्णुपुराण प्रत्येक मनूला ७१ महायुगे आणि वर थोडे अधिक, असे मोघम सांगून पुढे जाते. गणिताला हे ‘थोडे अधिक’ चालत नाही. चौदा वेळा ७१ म्हणजे ९९४, उरली ६ महायुगे. कृतयुग हे महायुगाचा चार-दशांश असते. तेवढ्या लांबीचे पंधरा संधी मनूंच्या आधी, मधे आणि शेवटी घातले की पंधरा वेळा ०.४ म्हणजे बरोबर ६. सूर्यसिद्धांतातली ही मांडणी धार्मिक भाषेत आहे, पण ती वाचताना बाकी वाटून टाकणारा हिशेबनीस दिसल्याशिवाय राहत नाही. आर्यभटाने हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला होता. त्याने मनूला ७२ महायुगे दिली, कल्प १,००८ महायुगांचा केला आणि चारही युगे सारख्या लांबीची, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांची मानली. परंपरा मोडली म्हणून ब्रह्मगुप्ताने त्याला धारेवर धरले. गंमत अशी की वर वर्षाच्या अपूर्णांकातून जी १०,८०,००० ही संख्या आपोआप निघाली, ती आर्यभटाच्या युगपादाचीच लांबी आहे. सूर्यसिद्धांताने युगांची नावे आणि लांबी पुराणांप्रमाणे ४:३:२:१ या प्रमाणात ठेवली, पण गणिताच्या पोटात आर्यभटाचा पाव भाग तसाच राहू दिला.

हा पाव भाग किती खोलवर मुरला आहे हे बाकीच्या ग्रहांवरून कळते. सूर्यसिद्धांतात महायुगातले बुधाचे भगण १,७९,३७,०६०, शुक्राचे ७०,२२,३७६, मंगळाचे २२,९६,८३२, गुरूचे ३,६४,२२० आणि शनीचे १,४६,५६८ आहेत. प्रत्येकाचे शेवटचे दोन अंक पाहा, प्रत्येकाला ४ ने भाग जातो. म्हणून सारे मध्यम ग्रह, म्हणजे सरासरी गतीने मोजलेले ग्रह, एकदा मेषारंभी एकत्र आले की पुन्हा १०,८०,००० वर्षांनी तिथेच एकत्र येतात. आता कल्पारंभापासून चालू महायुगाच्या कृतयुगाच्या अखेरपर्यंत परंपरेप्रमाणे वर्षे मोजली तर ती १,९७,०७,८४,००० भरतात. कृतयुगाच्या अंती सगळे ग्रह मेषारंभी होते असे सूर्यसिद्धांताला म्हणायचे आहे. पण या संख्येला १०,८०,००० ने भागले तर ८,६४,००० बाकी राहते, म्हणजे ग्रह तिथे येत नाहीत. यावर ग्रंथ सांगतो की ब्रह्मदेवाला ग्रह, नक्षत्रे आणि चराचर सृष्टी निर्माण करायला ४७,४०० दिव्य वर्षे लागली आणि ग्रह त्यानंतरच चालू लागले. एका दिव्य वर्षाची मानवी वर्षे ३६०, म्हणून हा काळ १,७०,६४,००० वर्षांचा. तो वजा केला की उरतात १,९५,३७,२०,०००, आणि हे १०,८०,००० च्या बरोबर १,८०९ पट आहेत. सृष्टीला लागलेला वेळ हा चक्क भागाकारातली बाकी फेडण्यासाठी आला आहे. त्यातही कारागिरी आहे. नुसती बाकी फेडायची तर ८,६४,००० वर्षे पुरली असती. मग तीत युगपादाची आणखी १५ पट का मिळवली? याचा एक भाग तरी चंद्रोच्च (चंद्रकक्षेतला पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू) आणि राहू (चंद्रकक्षेचा पातबिंदू) यांच्या भगणांतून उलगडतो. ते ४,८८,२०३ आणि २,३२,२३८ आहेत, म्हणजे ४ ने भागल्यावर ३ आणि २ बाकी ठेवणारे. कलियुगाच्या आरंभी चंद्रोच्च ९० अंशांवर आणि राहू १८० अंशांवर हवा असेल, तर तोवर झालेल्या युगपादांच्या संख्येला ४ ने भागून ३ उरले पाहिजेत. ही अट ३, ७, ११, १५ अशा चारचारच्या अंतरानेच पुरी होते. सूर्यसिद्धांताने १५ घेतले. कलीच्या आरंभापर्यंतचे युगपाद १,८११ झाले, आणि १,८११ ला ४ ने भागले तर बाकी ३.

यावर पहिला आक्षेप उघड आहे, आणि तो जुना आहे. सूर्यसिद्धांताचे इंग्रजी भाषांतर १८६० मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. ते करणारे एबेनेझर बर्जेस हे मराठी मुलखात काम केलेले मिशनरी, आणि शाळांसाठी खगोलाचे मराठी पुस्तक तयार करायचे म्हणून ते या ग्रंथाकडे वळले होते. त्या भाषांतराच्या टिपांत अमेरिकन संस्कृततज्ज्ञ व्हिटनी यांचा मोठा वाटा आहे, आणि त्यांचा सूर असा की ही सगळी रचना कृत्रिम आहे : कलियुगाच्या आरंभी, म्हणजे इ. स. पूर्व ३१०२ च्या फेब्रुवारीत, सारे ग्रह एका बिंदूत आले असे कोणी पाहिलेले नाही, पुढच्या काळातल्या निरीक्षणांवरून मागे मोजत जाऊन तो क्षण बेतला. हे म्हणणे खरेच आहे. आजच्या गणिताने त्या दिवशीची स्थिती काढली तर ग्रह बऱ्याच अंशांत विखुरलेले सापडतात. पण यातून रचना निरुपयोगी ठरते असा निष्कर्ष काढला तर तो चुकतो. आरंभबिंदू कल्पित असला तरी चालतो, फक्त तो सर्वांचा एक असला पाहिजे. कुठल्याही मोजपट्टीचे शून्य असेच कल्पित असते. खरी कसोटी ही की निरीक्षण आणि गणित यांत अंतर पडू लागले तेव्हा ज्योतिषांनी काय केले. त्यांनी भगण बदलले. काशीतल्या मकरंदाच्या शके १४०० च्या कोष्टकांत आणि त्यानंतरच्या ग्रंथांत जो बीजसंस्कार, म्हणजे भगणांची दुरुस्ती, येतो त्यात बुधाचे १६ भगण कमी केलेले आहेत, शुक्राचे १२, गुरूचे ८, चंद्रोच्चाचे ४. शनीला १२ आणि राहूला ४ वाढवलेले आहेत. हे सर्व आकडे ४ च्या पटीत आहेत. संस्कार करणाऱ्याला ग्रह आकाशाशी जुळवायचा होता, पण त्याच वेळी युगपादाची विभाज्यता आणि कलीचा आरंभबिंदू मोडू द्यायचा नव्हता. त्याने दोन्ही साधले. महायुगात ४ भगणांचा फरक म्हणजे ३,००० वर्षांत एक अंश. कलीची ४,६०४ वर्षे लोटली असताना, म्हणजे ज्ञानराजाच्या ग्रंथाच्या वर्षी, तो साधारण १ अंश ३२ कला भरतो. यापेक्षा बारीक दुरुस्ती चाराच्या पटीत बसत नाही, ही या सोयीची किंमत.

ही किंमत नको असेल तर छेद मोठा घ्यावा लागतो, आणि तसे करणारा पक्षही होता. ब्रह्मगुप्त आणि त्याच्या मागोमाग ११५० मध्ये भास्कराचार्य यांनी भगण महायुगाऐवजी अख्ख्या कल्पाचे दिले. मंगळाचे २,२९,६८,२८,५२२, गुरूचे ३६,४२,२६,४५५. गुरूच्या संख्येला २ ने किंवा ३ ने भाग जात नाही, मंगळाच्या संख्येला ५ ने जात नाही; म्हणून या दोघांना आणि सूर्याला एकत्र आणणारी मुदत कल्पाहून लहान असूच शकत नाही. इथे चारशे बत्तीस कोटी ही संख्या तिच्या पूर्ण आकारात अटळ होते. बदल्यात मिळते ती बारीक खूण : एक भगण इकडेतिकडे केला तर एक अंशाचा फरक पडायला एक कोटी वीस लाख वर्षे लागतात. ग्रहांच्या आधी सृष्टीला वेळ देण्याची गरजही या पक्षाला पडत नाही, कारण कलीच्या आरंभी ग्रह नेमके एकत्र आलेच पाहिजेत हा हट्ट त्याने सोडला. सूर्यापुरते मात्र त्याचे वर्ष फारच सुटसुटीत निघते. कल्पाचे १५,७७,९१,६४,५०,००० दिवस वर्षांशी ताडून संक्षेप केला तर ३,२०० वर्षांत ११,६८,८२७ दिवस एवढेच उरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही संख्या ज्योतिषांनी निवडलेलीच नाही, ती पुराणांतून आयती मिळाली. मग तिच्या विभाज्यतेचे श्रेय त्यांना कसे द्यायचे? शिवाय तिचे नाते भारताबाहेरही दिसते. बाबिलोनचा पुरोहित बेरोसस याने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात जलप्रलयापूर्वीच्या राजांची एकूण वर्षे ४,३२,००० दिली आहेत, आणि कलियुगाची वर्षे तेवढीच आहेत. ४,३२,००० म्हणजे ६० च्या घनाची दुप्पट, तेव्हा षष्टिमान पद्धतीची छाप उघड आहे. संख्या वारशाने आली हे मान्य करायला हरकत नाही. पण वारशात पुष्कळ संख्या येतात आणि त्यांतल्या थोड्याच कामाला लागतात. २, ३ आणि ५ एवढ्याच अवयवांची ही संख्या अंश-कला-विकलांच्या हिशेबात चपखल बसते, म्हणून ती टिकली. जिथे वारसा हिशेबाला आड आला तिथे तो वाकवला गेला : मनूंना संधी मिळाले, ब्रह्मदेवाला सृष्टीसाठी वेळ मिळाला. ज्ञानराजाने पृथ्वी गोल मानूनही पुराणवर्णनांशी मेळ घालण्याची खटपट केली, आणि भास्कराचार्यांच्या तुलनेत तो त्यामुळे मागे गेला असे काहींना वाटते. भूगोलाच्या बाबतीत ते वाटणे रास्त आहे. कालगणनेत मात्र मेळ घालण्याचे हे काम त्याच्या कितीतरी आधी झालेले होते, आणि ते भागाकाराच्या जोरावर झालेले होते.

पाथरीत या गणिताची चर्चा ज्ञानराजावर संपली नाही. त्याचा एक मुलगा चिंतामणी याने ‘सिद्धांतसुंदर’वर टीका लिहिली. दुसरा सूर्यदास, ज्याला सूर्य पंडितही म्हणतात, त्याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका १५३८ मध्ये आणि लीलावतीवर ‘गणितामृतकूपिका’ १५४१ मध्ये लिहिली. उलटसुलट वाचले तर एकीकडून रामकथा आणि दुसरीकडून कृष्णकथा निघते अशा विलोमकाव्यासाठी तो संस्कृत रसिकांना जास्त माहीत आहे. हा काळ गावासाठी स्वस्थतेचा नव्हता. पाथरी इमादशाहीत होती. निजामशाहीचे मूळ पुरुष पाथरीचे कुलकर्णी होते असे फिरिश्ता सांगतो, आणि त्या नात्याने अहमदनगरचा या गावावर डोळा होता. १५१८ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने ते घेतले, पुढे काही वर्षे ते हातोहात फिरले. या धामधुमीतही भास्कराचार्यांच्या ज्या प्रकरणांवर भाष्य होत राहिले, त्यांतले कुट्टक आपल्या विषयाच्या थेट गाभ्याचे आहे. एका संख्येने गुणून, ठराविक क्षेप मिळवून, दुसरीने भागले असता निःशेष भाग जावा, असा गुणक शोधणे म्हणजे कुट्टक. लीलावतीतच त्याचा ज्योतिषातला उपयोग दिला आहे : ग्रह काढताना शेवटी विकलांची जी बाकी राहते, तेवढी एकच माहिती दिली तरी तिच्यावरून ग्रहही सांगता येतो आणि गेलेले दिवसही. हे जमते ते भगण आणि दिवस पूर्णांक आहेत म्हणूनच. कुट्टकाची पहिली पायरी अपवर्तनाची, म्हणजे दोन्ही संख्यांतला सामाईक अवयव काढून त्या ‘दृढ’ करण्याची आहे. क्षेपाला त्या अवयवाने भाग जात नसेल तर तो प्रश्नच चुकीचा आहे असे भास्कराचार्य बजावतात. चंद्राचे भगण आणि सूर्यसिद्धांताचे दिवस यांचे अपवर्तन केले तर तोच ४ निघतो, आणि १,४४,३८,३३४ व ३९,४४,७९,४५७ या दृढ संख्या उरतात. त्यांचा परस्पर भागाकार करत गेले तर भागाकारांची वल्ली २७, ३, ९, ५, ११ अशी उतरते. तिच्या पहिल्या तीन पायऱ्यांवरून ७६५ दिवसांत चंद्राचे २८ फेरे आणि चौथ्या पायरीवर ३,९०७ दिवसांत १४३ फेरे, अशी छोटी पण नेटकी माने मिळतात. मोठी संख्या लहान कशी करायची याचे शास्त्रशुद्ध यंत्र अशा रीतीने त्याच परंपरेत तयार होते.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. शके १४२५ मध्ये सृष्ट्यारंभापासून १,९५,५८,८४,६०४ वर्षे झाली होती, त्यांचे दिवस सुमारे ७१,४४० कोटी. या बारा अंकी दिवससंख्येला, म्हणजे अहर्गणाला, चंद्राच्या भगणांनी गुणायचे म्हणजे वीस अंकी गुणाकार, मग दहा अंकी भागाकार, आणि हे एकेका ग्रहासाठी. गावोगावचा जोशी असले काही करत नसे. त्याला उद्याची तिथी हवी होती. ज्ञानराजानंतर अवघ्या सतरा वर्षांनी, शके १४४२ मध्ये, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ‘ग्रहलाघव’ लिहिला आणि महाराष्ट्रातल्या पंचांगकर्त्यांनी तो उचलून धरला. त्यात गणेशाने ११ वर्षांचे एक चक्र मानले आणि दिवस दर चक्रानंतर नव्याने मोजायला घेतले, त्यामुळे अहर्गण कधी ४,०१६ च्या वर जातच नाही. अकरा वर्षांत साधारण चार अधिकमास धरून १३६ चांद्रमास होतात आणि त्यांचे दिवस ४,०१६ भरतात, हा त्या निवडीचा आधार. तेव्हा पाथरीचा सिद्धांत लिहून होतो न होतो तोच कालबाह्य झाला, असे म्हणता येईल. पण ग्रहलाघव एकट्याच्या बळावर उभा नाही. कोणता ग्रह सौर (सूर्यसिद्धांताच्या) पक्षाचा घेतला, कोणता आर्य (आर्यभटाच्या) पक्षाचा, कोणता ब्राह्म (ब्रह्मगुप्ताच्या) पक्षाचा, हे गणेशाने स्वतः सांगितले आहे. तीन पक्षांतून असे निवडून घ्यायचे तर तिन्ही पक्ष एकाच साच्यात, भगण आणि दिवसांच्या पूर्णांकांत, आधी मांडलेले असावे लागतात. दर चक्राला प्रत्येक ग्रहात जो ‘ध्रुवक’ वजा करायचा, तोही या मोठ्या संख्यांतून येतो. सूर्याचा ध्रुवक ग्रहलाघवात १ अंश ४९ कला ११ विकला आहे. अकरा पूर्ण प्रदक्षिणांचे अंश ३,९६०. सूर्यसिद्धांताच्या १,५७,७९,१७,८२८ दिवसांना ४३,२०,००० भगण या प्रमाणाने ४,०१६ दिवसांत सूर्य ३,९५८ अंश, १० कला, ४९ विकला चालतो. दोहोंची वजाबाकी केली की गणेशाचा ध्रुवक विकलेपर्यंत तंतोतंत येतो.